उकळलेले दूध निववायचे तर पंप कोणता घ्यावा?



गेल्या दोन महिन्यांत या पानासाठी आमच्याकडे दोन प्रश्न आले. पहिला मराठवाड्यातील एका कुटुंबाचा. घरी पाच म्हशी, रोजचे सुमारे ४० लिटर दूध. ते तापवून, दही लावून तालुक्याच्या गावी विकतात. उन्हाळ्यात तापवलेले दूध विरजणाजोगे व्हायला चार-चार तास लागतात. मग कधी दह्याला तार सुटते, कधी वास येतो, आणि गिऱ्हाईक परत जाते. म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप घेऊन दूधच नळीतून फिरवून थंड करावे काय, असे ते विचारतात. पंप घेण्यासाठी ते हैदराबादला येणार आहेत. म्हशींचे कर्ज अजून फिटलेले नाही, तेव्हा पंपाचे पैसे वाया गेलेले त्यांना परवडणारे नाहीत.

दुसरा प्रश्न येथील चिक्कडपल्लीच्याच एका घरचा. मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो घरी बिअर बनवतो. बिअरचा उकळता रस, ज्याला तिकडे ‘वर्ट’ म्हणतात, तो थंड करायला पाण्याचा पंप कोणता घ्यावा, असे त्याने वडिलांना विचारले आणि वडिलांनी आम्हाला.

एक प्रश्न दह्याचा, दुसरा बिअरचा. पण दोहोंचे उत्तर एकच आहे, म्हणून ते एकत्र देत आहोत.

आधी कायद्याविषयी. तेलंगणात १९६८ चा अबकारी कायदा व महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्यावाचून घरी बिअर गाळणे किंवा आंबवणे दोन्हीकडे गुन्हा ठरतो. इंग्लंडात घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. तेव्हा मुलाने तेथे केले ते तेथे चालते. त्याचे पाहून येथे कोणी चूल पेटवू नये. आपण बिअरवाल्यांकडून फक्त थंड करण्याची विद्या घ्यायची आहे, कारण त्या विद्येत ते आपल्या फार पुढे आहेत.

वर्ट आणि दूध

सातूला मोड आणून ते वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड रस काढतात. त्यात हॉप्स नावाच्या वेलाची फुले घालून तो तासभर उकळतात. हा वर्ट. मग तो साधारण २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्यात यीस्ट घालतात. रस गरम असताना यीस्ट घातले तर ते मरते. रस फार वेळ कोमट राहिला तर यीस्टच्या आधी दुसरेच जंतू त्यात घर करतात आणि बिअर आंबूस होते. झाकण ठेवून हळूहळू निवू दिला तर उकडलेल्या कोबीसारखा वासही त्यात राहतो.

आता दह्याकडे पाहा. आपण दूध ९० अंशांपर्यंत तापवतो, ते ४२-४३ अंशांवर आणतो आणि विरजण लावतो. गरम दुधात विरजण घातले तर विरजणातील जंतू मरतात. दूध तासन्‌तास कोमट राहिले तर नको ते जंतू आधी शिरतात. काही जंतूंची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत. दूध निवू लागले की ती जागी होतात. अनुकूल उबेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूला असे चार तास मिळाले तर त्याचे ४,०९६ होतात. मराठवाड्यातील त्या कुटुंबाच्या दह्याला तार का सुटते, याचे उत्तर बहुधा या चार तासांत आहे. विरजण बिघडले असावे म्हणून ते बदलून पाहणे चांगले, पण दूध निवायला लागणारा वेळ कमी केल्यावाचून दुखणे जाणार नाही.

ही गोष्ट जगाला नीट समजावून दिली ती लुई पाश्चर यांनी. बिअर का बिघडते यावरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली फ्रान्समध्ये निघाला. त्या काळी वर्ट मोठ्या उघड्या परातींत पसरून निववीत असत, आणि हवेतील जंतू त्यात बिनबोभाट उतरत. वर्ट झाकून, हवेपासून जपून थंड करावा, असे पाश्चर यांनी सांगितले. पुढे १९२३ साली इंग्लंडात रिचर्ड सेलिगमन यांनी पातळ पत्र्यांच्या थरांचे एक यंत्र काढले. एका थरातून गरम द्रव आणि शेजारच्या थरातून थंड पाणी वाहते, दोघांची गाठ पडत नाही, पण उष्णता मात्र इकडून तिकडे जाते. आज मोठ्या दूधडेअरीत हेच यंत्र असते आणि मोठ्या बिअर कारखान्यातही. बेल्जियममधील वेस्टमाल, ऑर्व्हाल अशा ट्रॅपिस्ट मठांत आजही बिअर तयार होते. तेथील बिअरची कढई काय किंवा आपली दुधाची कढई काय, नियम एकच.

उष्णतेचा हिशेब

कित्येकांची अशी समजूत असते की पंप मोठा घेतला की दूध लवकर थंड होईल. ती बरोबर नाही. पंप थंडावा तयार करीत नाही. तो फक्त पाणी हलवतो, आणि उष्णता वाहून नेते ते पाणी. पाणी ३० अंशांचे असेल तर जगातील कोणताही पंप दूध ३० अंशांच्या खाली आणू शकणार नाही. म्हणून पंपाच्या आधी पाण्याचा हिशेब करावा.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. दुधालाही जवळपास तेवढीच, किंचित कमी. ४० लिटर दूध ९० वरून ४३ अंशांवर आणायचे, म्हणजे ४७ अंश उतरवायचे. त्यातून सुमारे १,८०० किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात. आता २०० लिटरचे एक पिंप घ्या. पहाटेचे पाणी २७ अंशांचे आहे असे धरा. या सगळ्या उष्णतेने त्या पिंपातील पाणी ९ अंशांनी तापेल, म्हणजे ३६ होईल. ते अजूनही ४३ च्या खालीच आहे. तात्पर्य, रोजच्या ४० लिटर दुधाला एक पिंप पाणी पुरते आणि बर्फाची गरज पडत नाही.

उन्हाळ्यात मात्र गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी घेऊ नये. दुपारी ते हाताला पोळते. विहिरीचे किंवा जमिनीखालच्या हौदातले पाणी घ्यावे, तेही रात्री पिंपात काढून सावलीत ठेवलेले.

वर्टचा हिशेब थोडा निराळा. २० लिटर वर्ट १०० वरून २० अंशांवर आणायचा, म्हणजे १,६०० किलोकॅलरी. इंग्लंडात वर्षाचे बरेच महिने नळाचे पाणीच इतके थंड असते की नळाला नळी जोडली की काम होते. पंप लागतो तो नळाला जोर नसेल किंवा तेच पाणी पुनःपुन्हा फिरवायचे असेल तेव्हा. हैदराबादसारख्या हवेत हे काम दोन टप्प्यांत करावे लागते. साध्या पाण्याने ४० अंशांपर्यंत, आणि उरलेले २० अंश बर्फाच्या पाण्याने. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. राहिलेल्या ४०० किलोकॅलरींना ५ किलो बर्फ, आणि वाटेतली गळती धरून ६-७ किलो. पहिल्यापासून बर्फ घालणारा माणूस निम्म्याहून अधिक बर्फ उगीच वितळवतो.

पाणी फिरवा, दूध नको

आता मुख्य मुद्दा. पंपातून दूध फिरवावे की पाणी? आमचे उत्तर स्पष्ट आहे. पाणी फिरवावे.

दूध ज्या पंपातून जाते त्या पंपाचे पंखे, सांधे, सील, नळीचा आतला भाग हे सर्व रोज उघडून, घासून, उकळत्या पाण्याने धुवावे लागते. एका फटीत दुधाचा थेंब राहिला तर दुसऱ्या दिवशीच्या ४० लिटर दुधाला तोच विरजण होतो. शेतीचा वा घरच्या टाकीचा पंप अशा धुण्यासाठी केलेला नसतो. काही पाणबुडी पंपांच्या मोटारीत तेल असते आणि सील गेले की ते बाहेर येते. शिवाय उकळीजवळचा द्रव पंपाने वर ओढायला गेले तर तो पंपातच उकळू लागतो. मग पंप नुसता खडखडतो आणि द्रव पुढे सरकत नाही. वर्ट किंवा दूध वाहून नेण्यासाठी अन्नाला चालणारे, स्टेनलेस स्टीलचे, सहज उघडणारे पंप मिळतात, पण ते महाग असतात. घरच्या कढईला त्यांची गरज नाही. दूध आपल्या भांड्यात स्थिर राहू द्यावे आणि पाण्याने त्याच्या भोवती फिरावे.

मांडणी अशी करावी. ४० लिटरच्या एका भांड्याऐवजी २० लिटरचे दोन स्टीलचे कॅन घ्यावेत. त्यामुळे पाण्याला लागणारी पाठ वाढते आणि दूध लवकर निवते. कॅन एका रुंद टबात, खाली दोन विटा ठेवून, उभे करावेत. टबाच्या काठाखाली चार बोटांवर एक भोक पाडून त्याला रुंद नळी लावावी. पाण्याचे पिंप शेजारी, थोडे खाली ठेवावे. पंप पिंपात. तो टबात तळाशी पाणी सोडील, आणि तापलेले पाणी वरच्या भोकातून आपोआप पिंपात परत येईल. टबातील पाण्याची पातळी कॅनमधील दुधाइतकी असावी, पण कॅनच्या तोंडापासून चांगली वीतभर खाली. कॅनवर झाकण ठेवावे. दर पाच मिनिटांनी उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्वच्छ स्टीलच्या डावाने दूध हळू ढवळावे. दूध न ढवळता नुसते पाणी फिरवले तर कडेचे दूध थंड आणि मधले गरम राहते. एक साधा थर्मामीटर जरूर घ्यावा. बोट बुडवून पाहण्याची सवय सोडावी, कारण जंतूंना दुधात उतरायला ती सोयीची शिडी आहे.

पंप कोणता?

वर सांगितलेल्या मांडणीला मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पुरे, आणि ते हातभर ते दोन हात उंच चढवायचे आहे. हे काम आपल्या ओळखीचा कूलरचा पंप करतो. तो साधारण १८ ते ४० वॉटचा असतो आणि काही शे रुपयांना मिळतो. ४० वॉटचा पंप रोज तासभर चालवला तरी महिन्याला सव्वा युनिट वीज जळते. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपाची मोटारच ३७३ वॉटची. त्याला किंमत कित्येक पट पडते, आणि तो टबातले पाणी उडवून दुधात घालील ते निराळेच.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक, ताशी किती लिटर. दुसरा, किती मीटर उंची, म्हणजे हेड. येथे बरेच जण फसतात. ताशी १,००० लिटर हा आकडा पाणी मुळीच वर न चढवता मिळणारा असतो. आणि हेड १.८ मीटर याचा अर्थ त्या उंचीवर पाणी पोचून थांबते, एक थेंबही बाहेर पडत नाही. आपले काम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होते. म्हणून आपल्याला लागणाऱ्या उंचीच्या दुपटीचे हेड असलेला पंप घ्यावा, म्हणजे खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी मिळेल.

वर्टसाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे कढईत बुडवून त्यातून पाणी सोडतात. तेथे कूलरचा पंप पुष्कळदा कमी पडतो, कारण अरुंद लांब नळी पाण्याला अडवते. नळीचा आतला व्यास निम्मा केला तर तेवढेच पाणी ढकलायला सुमारे ३० पट जोर लागतो. १० मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर नळीतून लहान पंप मिनिटाला चारपाच लिटरच देईल. इंग्लंडातील मुलाने एक तर जास्त हेडचा पंप घ्यावा किंवा वेटोळ्याची नळी थोडी रुंद घ्यावी. दुसरा उपाय बहुधा स्वस्त पडेल.

दुधात मात्र तांब्याचे वेटोळे कधीही बुडवू नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे आपल्या आजीला ठाऊक होते. दुधात तांबे अगदी थोडे उतरले तरी त्यातील स्निग्धांश खवट होतो. दुधाला स्टेनलेस स्टीलच हवे. आणि शक्यतो दुधात काहीच बुडवू नये, कारण वेटोळ्याला बारीक चीर गेली तर फिरणारे कच्चे पाणी तापवलेल्या दुधात मिसळते. मग टायफॉइड व कावीळ टाळण्यासाठी दूध तापवण्याचे सारे कष्ट फुकट जातात.

पंप घेतल्यावर घरी एक परीक्षा करावी. सर्व मांडणी जोडून, दूध न ठेवता, पंप चालू करावा आणि परतीच्या नळीखाली १० लिटरची बादली धरावी. सव्वा मिनिटात भरली तर उत्तम. अडीच मिनिटे लागली तर नळी रुंद करावी किंवा पिंप उंच ठेवावे. पंप बदलण्याची वेळ क्वचितच येते.

चिक्कडपल्लीहून सिकंदराबादचे राणीगंज जवळ आहे आणि तेथे पंपांची दुकाने पुष्कळ आहेत. दुकानदार पहिला प्रश्न विचारील, “किती एचपी?” त्याला सांगावे, “एचपी तुम्ही सांगा. मला दोन हात उंचीवर मिनिटाला १० लिटर पाणी हवे.” असे मागणाऱ्याला जास्तीचा माल गळ्यात मारणे अवघड जाते. पंप ही काही आपल्याला अनोळखी वस्तू नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तेथील लोखंडी नांगर आणि पुढे पंप मराठी शेतकऱ्याच्या बांधावर पोचले. विहिरीच्या पंपाला किती फुटांवरून पाणी चढवायचे हे आपण विचारतोच. तोच प्रश्न लहान पंपालाही विचारावा.

जिवाची काळजी

मराठवाड्यात व विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात. तोच पंप आपण पाण्याच्या टबात, ओल्या जमिनीवर, लोखंडी कॅनांच्या शेजारी वापरणार आहोत. म्हणून पुढील गोष्टींत काटकसर करू नये.

अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच पंप जोडावा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज थोडीशी जरी भलतीकडे वळली तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरील परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वायर सॉकेटकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबू द्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकेल. वायरीला जोड असेल तर ती वापरू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. कॅन उचलायचा असेल, दूध ढवळायचे असेल, तरी आधी पिन काढावी. हे घरातल्या मुलांना रोज सांगावे, आणि आपण रोज करून दाखवावे.

पंप कोरडा चालवू नये. आठवड्याला त्याची जाळी काढून धुवावी. बोअरच्या जड पाण्याने पंख्यावर पांढरा थर बसतो. तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगारने निघतो. पिंपातील पाणी अनेक दिवस तसेच फिरवू नये, शेवाळ धरते.

पाणी कोणाचे?

नळाचे पाणी टबातून सरळ गटारात सोडले तरी दूध निवते. पण तसे करताना ४० लिटर दुधामागे रोज १८० लिटरांहून अधिक पाणी जाईल. १९०८ सालच्या मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादला उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. आज ते एकटे शहराला पुरत नाहीत. कृष्णा आणि गोदावरीचे पाणी लांबून पंपांनी चढवून येथे आणावे लागते. या दोन्ही नद्या महाराष्ट्रातच, महाबळेश्वर व त्र्यंबकेश्वर येथे उगम पावतात. मराठवाड्यातील ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यांना या पाण्याचे मोल सांगायला नको.

म्हणून पिंपातून पाणी फिरवावे, आणि काम झाल्यावर ते कोमट पाणी म्हशी धुवायला, गोठा धुवायला, भाजीच्या वाफ्याला द्यावे. एकाच पाण्याने दूध निववले, म्हैस धुतली आणि मेथी वाढवली, तर त्या कुटुंबाला मोठ्या पंपाचे कर्ज काढावे लागणार नाही.

सारांश सांगायचा तर, आधी पाणी किती व किती थंड ते पाहावे. मग किती उंच चढवायचे ते मोजावे. मग त्या कामाला पुरेल असा लहानात लहान पंप घ्यावा. आणि वाचलेल्या पैशांतून आधी आरसीसीबी व थर्मामीटर आणावा, मग वाटल्यास म्हशीला पेंडेचे एक पोते जास्त.